बाबा फोटोत आले

चंद्रप्रकाशना फोटो काढायची भारी हौस. रोलचा कॅमेरा होता तेव्हापासून घरातले सगळे फोटो त्यांनीच काढलेले. त्यामुळे दहिसरच्या त्यांच्या घरात चार जाडजूड अल्बम होते, पण ते स्वतः त्यातल्या एकाही फोटोत नव्हते.

त्यांच्या साठीला मुलीने, श्रुतिकाने, ठरवलं की यंदा बाबांना फोटोत आणायचंच. लग्नानंतर महिन्याभराने आईबाबा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात फिरायला गेले होते. तेव्हाचा आईचा एकटीचा फोटो तिने निवडला. बाबांचं जुनं आयकार्ड शोधून त्यावरचा चेहरा मोबाइलमधल्या एआय ॲपला दिला, आणि पाच मिनिटांत बाबा आईच्या शेजारी उभे राहिले. चौकड्यांचा शर्ट, पायाशी सावली, वाऱ्यावर उडणारे केससुद्धा.

केक कापून झाल्यावर तिने फ्रेम बाबांच्या हातात दिली. ते टक्कल चोळत बघतच राहिले.

"झकास जमलंय गं. मी या फोटोत नव्हतो, असं कोण म्हणेल?"

मग आईने, शेवंतीने, चष्मा लावला आणि फ्रेम डोळ्यांजवळ धरली. कपाळाला आठी घालून ती फोटो निरखू लागली.

"आई, काय झालं? नाही आवडला?"

"छान आहे ना. जोडा शोभतोय."

तिने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा फोटोकडे.



"पण हे इथे माझ्या बाजूला उभे आहेत, तर मग मी समोर बघून एवढी लाजतेय ती कोणाला?"