कोरडं पडू नये म्हणून

विहिरीच्या कठड्याभोवती एकवीस हंडे, आठ कळशा आणि पाच माणसं होती. भांडी सगळी रिकामी. कठड्यावर सोलरचं पॅनल, त्याखाली पत्र्याची पेटी, पेटीतून आत गेलेली काळी केबल. पेटीवरच्या सुकलेल्या हारात सात झेंडू उरले होते.

पाचांमधली विशाखा मुकुंदवाडीहून स्कूटीवर आली होती. भूजलाच्या ऑफिसात ती कंत्राटावर होती. पेटीतलं यंत्र पाण्याची पातळी मोजून पाठवायचं, आणि शेंद्र्यापुढच्या या विहिरीत तिच्या फोनवर १.८ मीटर पाणी दिसत होतं. आकडा एक मीटरखाली गेला की वस्तीला टँकर आपोआप मंजूर व्हायचा. ब्याण्णव दिवसांत तो गेला नव्हता. वस्तीचा तिसरा अर्ज आला, तेव्हा तिला पाठवलं.

"ताई, हे वाचलं का?" आकाशने फोन पुढे केला. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता. "आपल्याकडं डेटा सेंटर येतंय. एआयचं. पुण्याची पोरं इकडं येतील आता कामाला."

"काय करतंय ते?" म्हाताऱ्या साहेबरावांनी विचारलं.

"काहीबी विचारा, जवाब देतं."

"आपुन तीन बार विचारलं की टँकरचं."

"तसं नाय, दादा."

"पाणी लई लागतंय म्हणं त्याला," कडुबा म्हणाला. तो नळाची, मोटारींची कामं करायचा. "गार ठेवाया. नायतर जळतंय."

"त्याचं नाव टँकरच्या यादीत आसंल," मनकर्णाबाई हंड्यावर बसल्या बसल्या म्हणाल्या. "मिळंल त्याला."

"हसू नका, मावशी," आकाश म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाय, माणूस बोलतो. पहिलं साहेब यायचा, गाडीवरूनच विहीर बघायचा आन् आकडा लिहायचा. म्हणून तर ही पेटी बसली तव्हा नारळ फोडला आपण."

विशाखाने पोलादी टेप काढला. शेवटच्या दोन मीटरना खडू फासला. पाणी लागलं की खडू काळपट होतो आणि रेघ स्पष्ट दिसते. टेप तळाला टेकला तेव्हा आकडा होता १६.८. तिने तो वर ओढला. खडू पांढराच होता. दुसऱ्या बाजूने सोडला. पांढराच.

मग तिने टॉर्च लावला. केबल तळावर नव्हती. कपारीला तारेने बांधलेल्या एका उभ्या पाइपात ती शिरली होती.

"तो पाइप कशाचा?"

"मी बसवला," कडुबा म्हणाला. "चार इंची, सहा फूट. खालून टोपी मारलीय, थेंब गळत नाय. फागुनात पाणी भराभर खाली चाललं, यंत्र उघडं पडंल आसं वाटलं. पाणबुडी मोटार कोरडी चालली की जळती. ही तर सरकारी वस्तू. म्हणलं, पाण्यात ऱ्हावी."

"आन् दर बुधवारी मी तांब्याभर वतते," मनकर्णाबाईंनी कठड्यावरून त्या पाइपात उतरलेली बारीक नळी दाखवली. "उन्हानं कमी होतंय. घरात प्यायला नव्हतं तव्हाबी वतलं. एक बुधवार चुकवला नाय."

विशाखाने फोनवरचा आलेख पाहिला. ब्याण्णव दिवसांची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

"मावशी, याला पाणी लागत नाही. हे पाणी फक्त मोजतं."

"मोजायलाबी पाणी लागतंच की."

साहेबरावांनी पेटीकडे पाहिलं. "म्हंजी टँकर आपुनच थांबवला."

कडुबा पायऱ्या उतरून खाली गेला. त्याने पाइपातून केबल उपसली आणि कोरड्या दगडावर ठेवली. तो वर येईपर्यंत विशाखा फोनकडे बघत होती. पुढची नोंद बारा मिनिटांनी आली. तिने ती मोठ्याने वाचली.

"सेन्सरचा आकडा अपेक्षेबाहेर. दुरुस्ती होईपर्यंत प्रणालीचा अंदाज ग्राह्य धरला जाईल. एक पॉइंट आठ मीटर."

"अंदाज कशावरून करतंय?" आकाशने विचारलं.

"मागच्या ब्याण्णव दिवसांवरून."

तिने टेपचं माप फोनवर भरून पाहिलं. नोंद स्वीकारली गेली नाही, अंदाजाशी तफावत होती. तिने ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"सर, विहीर कोरडी आहे. मी स्वतः मोजलीय. दोनदा."

"असेल गं," पलीकडचा आवाज शांत होता. "पण नवीन सिस्टीममध्ये हाताने काही बदलता येत नाही. त्यासाठीच तर घेतली ना ती. दुरुस्तीचा माणूस बंगळुरूहून येतो."

"कधी, सर?"

"जूनअखेर धर. फोटो पाठवून ठेव, जोडतो."

फोन बंद झाला. आकाशने आपला फोनही खिशात टाकला. "यंत्र खोटं नाय बोललं," तो म्हणाला. नेमकं कोणाला, ते कळलं नाही.

"पोरी," मनकर्णाबाई उठल्या. "त्या पाइपातलं पाणी आता कोणाला लागतंय का?"

"नाही, मावशी."

कडुबाने आणि आकाशने दोराने पाइप वर घेतला. मनकर्णाबाईंनी आपला हंडा पुढे सरकवला, मग थांबून सगळे एकवीस एका ओळीत लावले. विशाखाने नमुन्याची लिटरची बाटली काढली आणि पाइप तिरका धरायला सांगितलं. प्रत्येक बाटली ती मोजून ओतत गेली.

चौदा हंड्यांत एक-एक लिटर पडलं.