पाडव्याचं गाऱ्हाणं

“बाबा, हे कोण?” मानसीने मोबाइल वडिलांसमोर धरला. पडद्यावर आई होती, खिडकीपाशी उभी, हातात चहाचा कप.

दत्तारामांनी फोटो निरखून पाहिला. ओठ हलले, पण घशातून नुसता वारा आला. मग मान फिरवून ते खिडकीबाहेरच्या मोहरलेल्या आंब्याकडे बघत बसले. मानसीने पुढचा फोटो समोर आणला.

दिवाळीनंतर दत्तारामांना अर्धांगवायूचा झटका आला होता. हातपाय हळूहळू चालायला लागले, वाचा मात्र गेली ती गेलीच. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “घरातल्या रोजच्या गोष्टींचे फोटो दाखवा. माणसं, कामं, जेवणखाण. एखाद्या फोटोवरून शब्द सापडेल त्यांना.” त्याच मॅडम परवा जिन्यात हळूच म्हणाल्या, “आता फार आशा धरू नका.” मानसीने ते घरात कुणालाच सांगितलं नाही. कन्नमवार नगरात या माणसाने हाक मारली की हायवेवरची रिक्षा थांबायची, आणि आता तो तहान लागली की बोटाने माठ दाखवायचा. तिला ते बघवत नव्हतं.

म्हणून अख्खा फाल्गुन तिने फोटो काढण्यात घालवला. पण घरच्यांनी पार वाट लावली. मोबाइल दिसला रे दिसला की तिची आई शेवंतीबाई हातातला झाडू दाराआड टाकायच्या, पदर सारखा करायच्या आणि आधार कार्डाच्या फोटोला बसावं तशा ताठ व्हायच्या. राजेश, तिचा धाकटा भाऊ, कोळंबी सोलता सोलता अंगठा वर करायचा.

“आई, तू काम करत राहा ना गं!” मानसी वैतागायची.

“कामाचो कसलो गो फोटो? थांब, साडी बदलून येतंय.”

दत्ताराम ते फोटो परक्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसे बघायचे.

एक मात्र झालं. फोटोच्या नादाने मानसी घराकडे बघायला शिकली. आई बाबांचा चहा बशीत ओतून आधी स्वतः फुंकर घालायची. राजेश बाबांची दाढी करताना स्वतःचेच गाल फुगवायचा. किती गोड होतं हे सगळं! इतकी वर्षं याच दोन खोल्यांत काढून तिला ते कधी दिसलंच नव्हतं. आणि मोबाइल वर केला की नेमकं तेवढंच गायब व्हायचं.

पाडव्याच्या सकाळी इमारतीतली कोकणातली सगळी घरं खाली अंगणात एकच मोठी गुढी उभारत आणि तिच्यापुढे गाऱ्हाणं घालत. एकाने देवाकडे मागायचं, प्रत्येक मागण्याच्या शेवटी ‘रे म्हाराजा’ म्हणायचं, आणि बाकीच्यांनी एका दमात ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा द्यायचा. ज्या मागण्याला ‘व्हय’ मिळत नाही ते देवापर्यंत पोचत नाही, असं जुनी माणसं सांगत. आजवर गाऱ्हाणं घालायचे ते दत्तारामच. यंदा त्यांना खुर्चीत बसवलं आणि राजेश पुढे झाला. आठवडाभर त्याने घोकंपट्टी केली होती.

मानसीने सवयीने मोबाइल वर धरला आणि चमकली. सगळ्यांचे हात जोडलेले, डोळे मिटलेले. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आईचा पदर घसरला होता, कपाळावर चैत्राचा घाम होता आणि ती फार सुंदर दिसत होती. मानसी धडाधड फोटो काढत सुटली.

“बा देवा म्हाराजा! आज पाडव्याच्या दिसा तुझी लेकरां तुझ्यासमोर जमली आसत, तेंचो सांभाळ कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाची काय इडापिडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आणि राजेश अडला. पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं. गाऱ्हाण्याची भाषा, रीत, सगळं विसरून तो आपल्या रोजच्या बोलीत बोलून गेला, “देवा, आमच्या बाबांना बोलतं कर ना यार. प्लीज.”

मागण्याच्या शेवटी ‘रे म्हाराजा’ आलाच नव्हता, मग दुजोरा कुठे द्यायचा हेच कुणाला कळेना. एवढं एकच मागणं खरं महत्त्वाचं, आणि नेमकं तेच हवेत लोंबकळत राहिलं! निदान आपण तरी ‘व्हय’ म्हणावं म्हणून मानसीने तोंड उघडलं, तेवढ्यात मोबाइलच्या पडद्यावर तिला बाबा दिसले. सगळ्यांत त्यांचेच डोळे उघडे होते. मानेची शीर टरटरून फुगली होती.

“व्हय म्हाराजा!”

आवाज चिरका होता, फाटका होता, पण दत्तारामांचाच होता. पटापट सगळ्यांचे डोळे उघडले. शेवंतीबाई भर अंगणात रडत होत्या, हसत होत्या, आणि समोर मोबाइल धरलाय याचं त्यांना भान नव्हतं. मानसी बटण दाबतच राहिली. वरच्या गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली. राजेश मात्र जागच्या जागी थिजला होता. बापाकडे बघत नुसता उभा. त्याच्या तोंडून एक अक्षर फुटेना.

दत्तारामांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

“गप… कित्याक रे? बोल!”