गायकाची दाढ

दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत पेशंट बसला की त्याला प्रवचन चुकायचं नाही. "हल्लीचे गायक म्हणजे नुसता गाजावाजा! स्टेजवर रेकॉर्ड लावायची आणि ओठ हलवायचे. खरं गाणारा एकच उरलाय." त्या एकाची तसबीर समोरच्या भिंतीवर, देवाच्या वरच्या खिळ्याला होती. पेशंट बिचारा आ वासून ऐकायचा. त्याला दुसरा इलाजही नव्हता.

एका दुपारी चारच्या सुमारास तोच एकमेव गायक गाल धरून दवाखान्यात आला. दाढ पार किडली होती. डॉक्टरांनी आधी वाकून नमस्कार केला, मग इंजेक्शन देऊन दाढ काढली, जागेवर कापसाचा बोळा बसवला आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, हा बोळा दातांत घट्ट धरा. तीन तास काढायचा नाही, चकार शब्द बोलायचा नाही. सहाचा कार्यक्रम आजच्या दिवस रद्द करा."

गायकाने मान डोलावली आणि खिशातून पहिल्या रांगेचे दोन पास काढून त्यांच्या हातावर ठेवले.

सहा वाजता पडदा उघडला. पहिल्याच तानेला टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोने डॉक्टरांना कोपराने ढोसलं, "अहो, काय आवाज लागलाय! तुम्ही म्हणता तेच खरं हो, याला म्हणतात गाणं."

डॉक्टर गायकाच्या फुगलेल्या गालाकडे बघत राहिले.



इतका शब्दाला जागणारा पेशंट त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. बोळा अजून जागच्या जागी होता.