कुंदाबाईंचे अठ्ठेचाळीस किलो

गणिताच्या तासाला कुंदाबाईंनी डिजिटल फळ्यावर वर्गाच्या वजनांची स्प्रेडशीट उघडली आणि त्या चक्रावल्याच. त्यांच्या नावापुढे काल बासष्ट किलो होते, आज चौदा!

"हा चावटपणा कुणाचा?"

"सगळ्यांचा, बाई," शमीम उठून म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत ना, शीटमध्ये लिहू तेवढंच वजन शाळेत भरतं, फक्त वर्गाची बेरीज बदलता कामा नये. आम्ही चोवीस जण. प्रत्येकानं तुमचे दोन किलो घेतले."

बाईंनी बेरीज तपासली. चोख होती.

"पण कशाला गं?"

"गच्चीवरचे आमचे टोमॅटो तुम्ही पाहिलेच नाहीत. तुमच्या गुडघ्यांमुळे. आता फक्त एंटर दाबा."

बाईंनी एंटर दाबलं. बाकं करकरली, आणि बाई दोन-दोन पायऱ्या ओलांडत तीन मजले चढून गेल्यासुद्धा! मागून पोरं धापा टाकत आली.

"बाई, जड आहात हो तुम्ही!"

बाईंनी एक लालबुंद टोमॅटो तोडून खाल्ला, पदर खोचला आणि पाण्याच्या टाकीभोवती चक्क लंगडी घातली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली, शाळाही सुटत आली. पण बाईंनी आपलं वजन काही परत मागितलं नाही.