लॉटीसाठी एक मुकं गाणं

"आवाजच नाही तर मॉरीन गाणार कशानं? कपाळानं?" बेसीनं विचारलं.

"ओठांनी," एडा म्हणाली. "ऐकणारं आहे कोण इथे? तुझ्या कानाशी तोफ डागली तरी तू म्हणशील, आत या!"

बेसी खो खो हसली. बर्नलीच्या विणकर क्लबात जमलेल्या एकूण एक बाईचे कान मागांच्या खडखडाटानं खाल्ले होते. गिरणीत त्या एकमेकींचे ओठ वाचून बोलायला शिकल्या, आणि म्हातारपणी तेवढंच बोलणं उरलं.

आज लॉटी ग्रिमशॉचा स्मृतिदिन. लॉटी मूळची मागावरचीच पोर, पण रेडिओवर गायली आणि साऱ्या इंग्लंडची लाडकी झाली. लढाईच्या दिवसांत ती गिरणीत गायला आली, तेव्हा साहेब माग थांबवेना. "राहू दे मेल्याला," म्हणत ती त्या गदारोळात नुसते ओठ हलवून गायली. बायका ढसाढसा रडल्या होत्या.

दरवर्षी या दिवशी एडाची मुलगी मॉरीन लॉटीचं गाणं म्हणायची. पण गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल, पण तिनं प्रयत्न तर करायला हवा." मॉरीन कुठला प्रयत्न करतेय! पोरगी घराबाहेर पडेना, हसेना. एडाचा जीव तीळ तीळ तुटायचा. आज कसंबसं हातापाया पडून तिला आणलं होतं.

पियानोवाले पेनरोझ नवीनच, दक्षिणेकडून आलेले. एडानं त्यांना बजावलं, "तिला आवाज नाही. तुम्ही आपलं वाजवत राहा."

मॉरीन उभी राहिली. बायकांनी ताल कळावा म्हणून टेबलांवर तळवे टेकले. मॉरीनचे ओठ हलू लागले. पहिल्या कडव्याला ती अडखळली, घाबरून आईकडे बघू लागली. एडानं मान डोलावली, "म्हण गं बाई!"

दुसऱ्या कडव्याला मॉरीनच्या मानेची शीर तटतटली. तिनं गळ्यावर हात ठेवला. डोळ्यांतून धारा लागल्या, पण ओठ थांबले नाहीत. लॉटीच जणू! बेसी बाहीनंच डोळे पुसत होती.

तेवढ्यात तळव्याखालचा ताल बंद पडला. पेनरोझ हात वर धरून नुसते बसले होते. झोपला की काय मुडदा! एडा भडकली. मॉरीन मात्र तशीच शेवटपर्यंत गायली. टाळ्यांनी टेबलं हादरली.

एडा तरातरा पियानोपाशी गेली. "वाजवायचं का थांबवलंत?"

पेनरोझ काहीतरी बोलले.

"सावकाश बोला हो! मिशा आड येतात तुमच्या."

त्यांनी मिशा बोटांनी बाजूला केल्या आणि एकेक शब्द पुन्हा म्हटला.

"बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, हिला आवाज नाही!"