बाबांच्या हातातलं मडकं

"हा माझा भाऊ नाही!" फाकाझिले आत्याने निकाल देऊन टाकला. "माझा भाऊ डाव्या हाताने मडकं पुढे करेल? सगळ्या कुळाचं नाक कापलंस गं!"

झिबुयिलेने आपण छापलेल्या चित्राकडे पाहिलं. बाबा हसत ज्वारीच्या बिअरचं मडकं देत होते, आणि मडकं खरंच डाव्या हातात होतं. लिनोच्या ठशावर उजवं कोरलं की छापताना कागदावर डावं उमटतं, हे ती डर्बनच्या मुलांना दर शनिवारी बजावून शिकवायची. स्वतः कोरताना मात्र बाबांच्या हसण्यात गुंगून गेली होती.

"दोन-दोन पदव्या घेतल्या, तरी बाईसाहेबांना डावं-उजवं कळेना," आत्या म्हणाली. "आमच्या शेळ्यांनासुद्धा कळतं."

डोंगराखाली गॅलरीची गाडी येऊन थांबली होती. चाळिशी उलटल्यावर मिळालेलं हे पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन, आणि मोठ्या भिंतीवर हेच चित्र लागायचं होतं. दुसरं कोरायला महिना तरी हवा. पण गेलेल्या माणसाचं चित्र घरच्यांच्या होकाराशिवाय बाहेर न्यायचं नाही, असा शब्द तिनेच दिला होता. आणि या घरात होकार म्हणजे आत्या.

"लहानपणी होती त्याला ही खोड," आत्या आता रंगात आली. "मीच मोडली. अख्खी सुगीभर गवताच्या दोरीने तो हात पाठीशी बांधून ठेवला. रडला, पण सुधारला. पुन्हा म्हणून डावा हात पुढे केला नाही."

आपली चूक कबूल करून टाकावी म्हणून झिबुयिलेने तोंड उघडलं, तेवढ्यात चटईवरून खुदकन हसू ऐकू आलं. आत्यापुढे आजवर ब्र न काढलेली आई हसत होती. बाबांना जाऊन वर्ष झालं, त्यानंतर पहिल्यांदाच.

"वन्सं, खोड कुठली मोडतेय! दार लावून घेतलं की हे मला याच हाताने मडकं द्यायचे. अगदी असंच हसत."

आत्याचा आ वासलेला तसाच राहिला. झिबुयिलेने आपलं तोंड मात्र गुपचूप मिटून घेतलं.

आई डोळे पुसत तिच्याकडे वळली. "गुंडाळ गं ते चित्र. पंचेचाळीस वर्षं दाराआड दिलं त्यांनी, आता चारचौघांत देऊ दे."