एकेरी

"खड्डा अजून खोल घ्या," कुंपणापलीकडून तो माणूस म्हणाला. "दीड फुटात खांब टिकतो होय?"

मिस्त्रीने मान वर केली नाही. सकाळी आठपासून हा इसम स्वतःच्या अंगणात खुर्ची टाकून बसला होता आणि दुसऱ्याच्या कामात नाक खुपसत होता. पन्नाशीचा, अंगाने जाडा, डोक्यावर औषधालाही केस नाही.

"त्या टकल्याचं ऐकू नकोस रे," दारातून आजी ओरडल्या. "मेला माझं अंगण गिळायला टपलाय."

काम तसं साधं होतं. आजींच्या लाकडी कुंपणाचे सहा खांब बुडाशी कुजले होते. फळ्या धडधाकट होत्या, पण खांबांनीच मान टाकल्यावर फळ्यांनी काय करावं? मिस्त्री कुजका खांब कापून काढायचा, खड्डा मोकळा करायचा आणि त्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी खांब काँक्रीट ओतून उभा करायचा. हा खांब कुजत नाही आणि सहसा गंजतही नाही. खांब आजींच्या मुलाने घेऊन दिले होते. हार्डवेअरच्या दुकानदाराने मिस्त्रीला पाठवताना तेवढंच सांगितलं होतं. आईचं कुंपण आहे, मुलाला काम पक्कं हवंय.

"यायचाय तो," आजी म्हणाल्या. चहाचा कप त्यांनी मिस्त्रीच्या हातात दिला. "तो यायच्या आत कुंपण उभं राहू दे बाबा. नाहीतर पोरगं येऊन बघेल तर घर आपलं आणि अंगण या चोराचं."

"आजच उभं करतो, आजी. मुलगा दिसायला तुमच्यासारखा?"

"राजबिंडा आहे. केस तर असे दाट, की कंगवे मोडतात." त्यांनी पलीकडे बघितलं. "नाहीतर हा बघ, सोललेला नारळ."

मिस्त्री मोठ्याने हसला, पलीकडे ऐकू जाईल असा. टकल्याने नुसतं डोकं चोळलं.

अकराच्या सुमाराला तो पुन्हा सुरू झाला. "त्या तिसऱ्या खांबाला काँक्रीट जास्त घाला. तिथेच ती रोज लटकते. मागच्या महिन्यात खांबासकट इकडे आली."

"पडल्या?"

"नाही, उडी मारली. चार टाके पडले कपाळाला. वर शिव्या मलाच."

"शिव्या खाण्यासारखं वागत असाल."

"रोज चार वाजता येते. तासभर भांडते. भांडल्याशिवाय घास उतरत नाही तिच्या घशाखाली."

लटकते, आली, भांडते. मिस्त्रीच्या कानाला ते केव्हाचं टोचत होतं. म्हातारं माणूस एकटं राहतं आणि शेजारी मिळालाय तो असला. त्याला मनापासून राग आला.

"जरा अहो-जाहो करा की," तो म्हणाला. "ऐंशीच्या घरातल्या बाई आहेत. वयाचा मान ठेवला तर काय झिजाल?"

"ते मला नाही जमायचं," टकल्या म्हणाला. "आजवर कधी केलं नाही."

माजच म्हणायचा हा. मिस्त्रीने पुढचा खड्डा घेतला आणि माती मुद्दाम पलीकडे उडवली. टकल्याने पाय वर घेतले, पण खुर्ची काही मागे सरकवली नाही.

दुपारी आजी अनवाणीच कुंपणापाशी आल्या. मिस्त्रीकडे बघून थबकल्या. "तू कोण रे? इथे काय खणतोयस?"

"कुंपणवाला, आजी. विसरलात? मघाशी चहा दिलात की."

"हो हो, मुलाने पाठवलेला." त्या लगेच पलीकडे वळल्या. "आणि तू, माझ्या खांबाला बोट लावलंस तर तंगडं मोडून हातात देईन."

"मोड," टकल्या म्हणाला. "आधी चपला घाल. खिळे पडलेत तिथे."

"मला सांगणारा तू कोण?"

आजींनी मिस्त्रीची पाण्याची बादली उचलून होती तेवढी टकल्याच्या अंगावर रिकामी केली. मिस्त्रीला वाटलं, आता हा उठून येणार. त्याने पहार जवळ घेतली. टकल्या उठला, घरात गेला, सदरा बदलून आला आणि पुन्हा त्याच ओल्या खुर्चीत बसला. याला लाज नावाची चीज नाही, मिस्त्रीने ठरवून टाकलं.

त्याने सूडही घेतला, आपल्या परीने. आडव्या पट्ट्या खांबांना आवळताना बोल्टांची बोचरी टोकं त्याने एकूण एक टकल्याच्या बाजूला काढली.

"बरं केलंत," टकल्या म्हणाला. "तिच्या बाजूला आली असती तर ओरबाडून घेतलं असतं तिने."

टोमणे मारायची हौस दांडगी होती. मिस्त्रीने दात खाऊन शेवटचा बोल्ट आवळला.

साडेतीनला सहाच्या सहा खांब ओळीत उभे होते. मिस्त्रीने दोन्ही बाजूंनी टेकू दिले. "दोन दिवस कुणी रेलायचं नाही हं, आजी. काँक्रीट ओलं आहे."

आजींनी सगळ्या कुंपणावरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा इतका उजळला, की मिस्त्रीचा दिवसभराचा शीण उतरला. "आता येऊ दे माझ्या पोराला," त्या म्हणाल्या. "आणि या टकल्याने मला किती छळलं ते तूच सांग त्याला. माझ्या लक्षात राहत नाही."

"सांगतो, आजी. अगदी सगळं सांगतो."

त्या आत गेल्या. मिस्त्री कुंपणापाशी आला. आता कामही संपलं होतं आणि भीडही.

"ऐकलंत ना?" तो म्हणाला. "यांचा मुलगा येऊ दे. तुम्ही त्यांच्याशी कसे वागता, कसे एकेरीवर येता, सगळं त्याच्या कानावर घालणार आहे मी."

टकल्या खुर्ची उचलत होता. तो थांबला आणि त्याने आजींच्या बंद दाराकडे बघितलं.

"घातलंत की," तो म्हणाला. "सकाळपासून ऐकतोच आहे मी."